मागची गाडी

"गाडीला हात लावू नको! निंगे, हात काढ म्हणते ना!"

जीपच्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मी ओरडले. पोरगी रस्त्याकडेच्या खडीत पडली होती, सायकल तिच्या पायांवर, आणि उठायला आधार म्हणून तिनं आमच्या बॉनेटकडे हात नेला होता. माझा आवाज ऐकला आणि चटका बसल्यासारखा तिनं तो मागे घेतला.

नियमच तसा होता. सायकलच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी चालते. जिला पुढे जाणं होत नाही तिला आत घ्यायचं, तिची सायकल टपावर बांधायची, एवढंच त्या गाडीचं काम. पण गाडीला एकदा हात लागला की ती पोरगी बाद. मग तिनं शर्यत सोडली असं धरतात. त्या दिवशी मागच्या गाडीत मी बसले होते आणि मला कुणालाही उचलायचं नव्हतं.

सव्वीस वर्षं झाली. डिसेंबरचा महिना, जतहून उमदीकडे जाणारा रस्ता. पंचवीस किलोमीटर जायचं, पंचवीस परत यायचं. दोन्ही बाजूंना कुसळं आणि बाभळी, सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. सुटायला सकाळचे आठ वाजलेले. निंगी पडली ती परतीच्या वाटेवर, सव्वानऊला. पुढे सोळा किलोमीटर शिल्लक होते.

मी तेव्हा सांगलीत पीटीची बाई होते. प्रमिला सरनोबत म्हटलं की पोरी वेणी आवळून उभ्या राहायच्या, असा माझा दरारा. शाळा सुटली की आमच्या सायकलिंग संघटनेचं काम. पोरींसाठी आम्ही एक केंद्र काढलं होतं, वसतिगृहासकट. बावीस पोरी होत्या. निम्म्या जत, आटपाडीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या. केंद्रात होत्या म्हणून शाळेत जात होत्या, नाहीतर दिवाळी झाली की कोयता घेऊन आईबापाच्या मागे ट्रॅक्टरवर बसल्या असत्या.

आणि हे सगळं चालायचं सरकारी अनुदानावर. त्यासाठी दिल्लीची एक समिती दर चार वर्षांनी प्रत्येक खेळाला तोलायची. परदेशात पदकं किती, राज्यं किती खेळतात, बायका किती खेळतात, सगळ्याला गुण. गुणांवरून अ, ब किंवा क. क आला की अनुदान बंद. पदकांच्या रकान्यात आमचा भोपळा. मी तीन रात्री बसून बेरजा केल्या होत्या. महिलांच्या ह्या राष्ट्रीय शर्यतीचे गुण मिळाले तर ब, नाही मिळाले तर क आणि केंद्राला कुलूप, इतकं ते सरळ होतं. ते गुण मिळायला अट एकच. निदान आठ जणींनी शर्यत पूर्ण केली पाहिजे. सातच पोचल्या, तर शर्यत झालीच नाही असं समजायचं.

त्या काळी एवढ्या लांबच्या शर्यतीला पोरी मिळायच्या नाहीत. सगळ्या देशातून नऊ आल्या. एकीला येतानाच रेल्वेत ताप भरला. राहिल्या आठ.

त्यातली आठवी ही निंगव्वा बिराजदार. सतरा वर्षांची, उमदीकडची, हाडापेरानं दणकट पण वेगाला बेताचीच. तिला मी आकडा भरायला उभी केली होती, आणि तसं तोंडावर सांगितलंही होतं. "तुला नंबर काढायचा नाही. पळवू नको, पडू नको, फक्त पोच." ती मान डोलावून म्हणाली होती, "पोचते बाई."

आणि ही पडली.

यासीनभाईंनी जीप थांबवली. भाड्याची जीप, ते तिचे मालक आणि ड्रायव्हर. दार उघडून ते निघालेच होते. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली.

"बसा."

"अहो बाई, पोरगी पडलीय!"

"दिसतंय मला. तुम्ही तिला हात लावला तरी बाद होते ती. बसा."

मी एकटी उतरले. तिच्यापासून चार हात लांब उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. कुणी बघत असलंच तर माझे हात कुठं आहेत ते दिसावं म्हणून. निंगी बसली होती. डावा खांदा पुढे आलेला, आणि गळ्याशी, हासळीच्या हाडाच्या जागी, कातडीखाली एक टेंगूळ वर आलं होतं. मी वीस वर्षं पीटी शिकवत होते. हाड मोडलेलं मला दहा फुटांवरून कळायचं.

"हात वर जाईना बाई," ती म्हणाली.

"मुरगळलाय. ऊठ."

"आत काय तरी कट्कन वाजलं."

"चेन वाजली असेल. ऊठ निंगे. घड्याळ चाललंय."

ती उजव्या हातावर जोर देऊन उठली. सायकल उभी करायला दोन हात लागतात, तिच्याकडे एकच होता. हँडल सारखं वळायचं आणि सायकल आडवी व्हायची. तीन वेळा आडवी झाली. मी चार हातांवरून बघत होते. तेव्हा मला तिची दया आली असं सांगितलं तर बरं दिसेल, पण खोटं ठरेल. मला राग आला होता. अस्सा राग आला होता, की एवढ्या मोठ्या रस्त्यात हिला नेमकी खडीच सापडली!

"तुझ्यापायी बावीस पोरी घरी जातील," मी म्हणाले. "बावीस. नावं घेऊ एकेकीची? त्यांना कोयते तू देणार का हातात? तुझा तर आईनं पाजवूनच ठेवला असेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ दातांखाली घेतला, गुडघ्यानं हँडल धरलं, सायकल उभी केली आणि टांग टाकली. डावा हात तिनं जर्सीच्या गळ्यात खोचला, झोळीसारखा. आणि निघाली.

मी जीपमध्ये येऊन बसले. हिशेब सोपा होता. पहिली पोरगी पोचली की तिथून चाळीस मिनिटांनी शर्यत बंद. म्हणजे साधारण सव्वादहा. हातात एक तास आणि सोळा किलोमीटर. एरवी तिला पाऊण तास पुष्कळ झाला असता. पण आता एक हात, आणि वारा समोरून.

यासीनभाईंनी गाडी तिच्या मागे लावली. मग म्हणाले, "बाई, माझ्या थोरलीएवढी आहे हो."

"मग?"

"मग काय! तिचं तोंड बघा. पांढरं पडलंय."

"तुम्ही रस्ता बघा."

तीन किलोमीटरवर मी गाडी तिच्या शेजारी घ्यायला लावली. पाणी द्यायला नियमाची आडकाठी नव्हती. मी बाटली पुढे केली. तिनं बाटलीकडे बघितलं, मग हँडलवरच्या आपल्या एकुलत्या हाताकडे बघितलं. बाटली घ्यायला हात सोडला तर सायकल जाणार.

"तोंड उघड," मी म्हणाले, आणि खिडकीतून पाणी तिच्या तोंडावर उडवलं. निम्मं डोळ्यांत गेलं. जिभेवर आलं तेवढं तिनं घेतलं.

"दुखतंय का?"

"लई दुखतंय."

"दुखू दे. दुखतंय म्हणजे जागी आहेस. किती राहिलं?"

"तेरा?"

"अकरा," मी खोटं सांगितलं. तेराच राहिले होते.

असंच चाललं. चढ आला की ती उभी राहून मारू शकत नव्हती, कारण उभं राहायला दोन्ही हात लागतात. बसूनच, सगळा जोर मांड्यांवर. खड्डा आला की तोंडातून आवाज यायचा. रडणं नव्हे ते, म्हैस विताना अडली की जसा घशातून येतो तसा आवाज. मी प्रत्येक मैलाच्या दगडाला घड्याळ बघायचे आणि ओरडायचे. काय काय ओरडले! तुझ्या बापाचं नाव घालवशील म्हणाले. परत सांगलीला तोंड दाखवू नको म्हणाले. मध्येच गोडही बोलले, की पोचलीस तर तुला जन्मभर केंद्रातून कुणी हलवणार नाही. तेवढं एक मी पुढे पाळलं.

पाच किलोमीटर राहिले तेव्हा ती दुसऱ्यांदा पडली. कशाला धडकली नाही. चालता चालता सायकल हळूहळू कडेला गेली आणि ती डाव्या अंगावर कलंडली. त्याच खांद्यावर. ह्या वेळी आवाजसुद्धा आला नाही.

यासीनभाईंनी करकचून ब्रेक दाबला आणि मी काही म्हणायच्या आत ते खाली. "बास झालं!" ते ओरडले. "उचलतो मी तिला. चुलीत जाऊ दे तुमची शर्यत!"

मी दुसऱ्या दारानं उतरून त्यांच्या आडवी गेले. पन्नाशीचा माणूस तो, आणि मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं.

"हात लावाल तर याद राखा! तिला विचारा. तिला यायचंय का गाडीत, तिलाच विचारा."

आणि मीच विचारलं. आजही मला वाटतं, सगळ्यात वाईट काम मी त्या दिवशी कुठलं केलं असेल, तर हे विचारण्याचं.

"निंगे, बसतेस गाडीत? दार उघडं आहे. बस. म्हणजे मग संध्याकाळी पोरींना तूच सांग, सामान बांधा म्हणून."

ती मातीत पडल्या पडल्या आमच्या दोघांकडे बघत होती. नाकाला माती लागलेली. मग ती म्हणाली, "काका, सरका बाजूला. तुमचा हात लागंल."

यासीनभाई सरकले. रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले आणि रुमालानं डोळे पुसायला लागले.

ती कशी उठली ते मी सांगत नाही. उठली. शेवटचे पाच किलोमीटर तिनं डोकं हँडलवर टेकून मारले. मी पुढचा रस्ता ओरडून सांगत होते, डावीकडे घे, उजवीकडे घे, आणि ती न बघता वळत होती.

कॉलेजच्या मैदानासमोर मांडव होता. घड्याळवाल्यानं कागद गोळा करायला सुरुवातही केली होती. दहा वाजून तेरा मिनिटांनी तिनं पांढरी रेषा ओलांडली, आणि रेषेच्या पलीकडे सायकलसकट आडवी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीतून उडी मारली, पहिल्यांदा घड्याळवाल्याकडे गेले, कागदावर आठव्या ओळीत तिचं नाव आणि वेळ लिहून घेतली, सही घेतली. मग तिच्याकडे गेले. तोवर यासीनभाईंनी तिला उचलून जीपमध्ये मागच्या सीटवर घातलं होतं. आता हात लावायला हरकत नव्हती.

समितीचे निरीक्षक मांडवात बसले होते. देवपुजारी म्हणून नागपूरकडचे गृहस्थ, पांढरे केस, बोलणं अगदी मऊ. पोह्यांची बशी त्यांच्या मांडीवर होती. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"साहेब, आठ. आठही पूर्ण."

त्यांनी चष्मा वर करून कागद बघितला आणि परत दिला. "छान. पण त्या शेवटच्या मुलीला फार लागलेलं दिसतं हो. तिला थांबवायला पाहिजे होतं तुम्ही."

"थांबवलं असतं तर सातच झाल्या असत्या ना साहेब. शर्यत धरली नसती तुम्ही."

"असं कसं? सुटताना रेषेवर आठ जणी होत्या, मी स्वतः मोजल्या. झालं की तेवढ्यात." त्यांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली. "शर्यत पूर्ण करायची अट तर एप्रिलमध्येच काढून टाकली आम्ही. मागे एका ठिकाणी संघटनेनं आजारी पोरीला जबरदस्तीनं पळवलं होतं, ती पार कामातून गेली. म्हणून मीच भांडून काढायला लावली ती अट. तुम्हाला परिपत्रक आलं असेल."

आलं होतं. तीन पानी, इंग्रजी. पहिलं पान मी वाचलं होतं. दरवर्षीचंच सगळं, म्हणून बाकीची दोन न वाचता पंच करून फायलीला लावली होती. आमच्याकडे नियम म्हणजे जुन्या फॉर्मची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. कोण नवीन वाचतो!

"घ्या ना पोहे," देवपुजारी म्हणाले.

मी घेतले. बशी हातात घेऊन दोन घास खाल्लेही. मग जीपकडे आले. निंगी मागच्या सीटवर पडली होती. गळ्याजवळ काळंनिळं झालं होतं आणि डाव्या हाताची बोटं वेगळ्याच रंगाची दिसत होती.

"बाई," ती म्हणाली, "धरली ना शर्यत?"

"धरली," मी म्हणाले.

"मला मोजलं ना?"

"तुझ्यामुळेच धरली, बाळा."

ती हसली. मिरजेला पोचेपर्यंत शुद्धीत होती आणि हसत होती. डॉक्टरांनी सांगितलं, हाड दोन ठिकाणी मोडलंय, आणि मोडल्यावरही हलत राहिल्यामुळे टोकानं आतल्या शिरा तोडल्या. पडल्याबरोबर आणली असती तर हात वाचला असता. आता राहील, पण नुसता लोंबता. यासीनभाई तिथंच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चावी खिशात घातली आणि निघून गेले. त्यांनी परत कधी मला गाडी दिली नाही, भाडंही मागितलं नाही.

आम्हाला ब मिळाला. केंद्र राहिलं, वाढलं. आज तिथं साठ पोरी आहेत. निंगीची सायकल सुटली ती सुटलीच. ऊसही तिला तोडता आला नसता, कोयत्याला दोन हात लागतात. मी तिला केंद्राच्या ऑफिसात बसवलं, फायली लावायला. तिथंच ती शिकली, इंग्रजी शिकली, बी.ए. झाली. लग्न काही जमलं नाही. आज ती केंद्राची रेक्टर आहे आणि पोरी तिला टरकून असतात, जशा मला असायच्या.

दर डिसेंबरात नव्या पोरींचा कार्यक्रम असतो. मी निवृत्त झाले तेव्हापासून निंगी मला पाहुणी म्हणून बोलावते. हार, नारळ, शाल सगळं रीतसर. मग ती उभी राहते आणि त्या शर्यतीची गोष्ट सांगते. खडी, पाणी, यासीनभाई, काही म्हणजे काही सोडत नाही. गोष्ट सांगता सांगता एका जागी थांबते, माईक माझ्यासमोर आणते आणि म्हणते, "मी गाडीकडे हात नेला तेव्हा बाई काय म्हणाल्या? बाई, तुम्हीच सांगा ह्यांना." आणि मी म्हणते, "गाडीला हात लावू नको." पोरी टाळ्या वाजवतात. चौदा वर्षं मी दरवर्षी ते वाक्य म्हणत आले. पोरगी भोळी आहे, उपकार मानते, असं वाटून मला तिची कीव यायची.

यंदा तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "निंगू, मला नाही जमायचं आता. दुसरं कुणी बघ."

"का हो बाई? गुडघा का?"

गुडघा म्हणाले असते तर सुटले असते. पण बहात्तर वर्षांची झाले, किती दिवस छातीवर धोंडा घेऊन बसायचं! म्हणाले, "निंगू, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तू पोचली नसतीस ना, तरी शर्यत धरली असती. ती अट आधीच काढली होती. परिपत्रक आलं होतं, मी वाचलं नव्हतं. मला मांडवातच कळलं, आणि मी तुला खोटं सांगितलं."

फोनवर पलीकडे, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी पोरगी हसली.

"निंगू? अगं ऐकतेस ना?"

"तिसरं पान," ती म्हणाली. "सातवं कलम."

मी पान सांगितलंच नव्हतं.

"तुला कधी कळलं?"

"तुम्हीच नाही का मला फायली लावायला बसवलं? मार्चात. हात गळ्यात होता तेव्हा. डिक्शनरी घेऊन वाचलं. एकेक शब्द. दोन दिवस लागले."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्ही रोज ऑफिसात यायचा, हात कसा आहे विचारायचा. मला वाटायचं, आज सांगतील. दहाबारा वर्षं वाटलं तसं." तिचा आवाज अगदी रोजचा होता, वाणसामानाची यादी सांगावी तसा. "मग म्हटलं, बाई काही सांगत नाहीत. आपणच सांगू पोरींना. बाईंच्या समोर सांगू."

मी म्हणाले, "निंगू, मग ह्या वेळी खरं सांगूया पोरींना. मी सांगते. सगळं सांगते."

"नको," ती म्हणाली. "त्यांना नका सांगू. बावीस पोरींसाठी हात गेला एवढंच आहे माझ्याकडे. तेही काढून घेता का? तुम्ही यायचं, हार घ्यायचा, बसायचं. दरवर्षी. तेरा तारीख आहे. साडेदहाला गाडी पाठवते, तयार राहा."

"बरं," मी म्हणाले.

"आणि बाई, तुमचं ते वाक्य जरा मोठ्यानं म्हणा. गेल्या वर्षी मागच्या पोरींना ऐकू आलं नाही."